‘तोच हा’ म्हणण्याचा अधिकार

दोन याद्या ताडून पाहणें हें काम कारकुनी समजलें जातें, आणि तत्त्वविचाराचा विषय म्हणून तें पुढें करणाऱ्यास वाचक हंसतील हें आम्ही जाणून आहों. तथापि गेल्या कांहीं वर्षांत शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, मतदारयादी, घरपट्टी, पीककर्ज अशा संसारांतील बहुतेक व्यवहारांची गांठ या एका कामाशीं येऊन पडली आहे. एका दप्तरांत आपलें नांव व पत्ता एका तऱ्हेनें लिहिलेला असतो, दुसऱ्यांत दुसऱ्या तऱ्हेनें. या दोन्ही नोंदी एकाच घराच्या आहेत कीं नाहींत हें पूर्वीं माणूस ठरवीत असे. आतां संगणकास दिलेली आज्ञावली ठरविते. ती ‘जुळलें’ म्हणाली तर आपण आहों. ‘जुळलें नाहीं’ म्हणाली तर, निदान त्या दप्तरापुरते, आपण नाहीं. तेव्हां ‘तोच हा’ असें म्हणण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो चुकला तर त्याचें प्रायश्चित्त कोणी घ्यावयाचें, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांवर सोंपवून भागण्यासारखा नाहीं.

पत्ता म्हणजे वस्तुतः काय? आमच्या नाशकांत तरी तो घराचा क्रमांक नसून घरापर्यंत पोंचण्याची वाट असते. ‘काळारामाच्या मागें, डाव्या हाताचा दुसरा वाडा’, ‘रविवार कारंज्यावरून आंत, पिंपळाच्या पारासमोर’ असें आपण सांगतों, आणि तेवढ्यावर पोस्टमन, पाहुणा व घेणेकरी असे तिघेहि बिनचूक दारांत उभे राहतात. पुढें पिंपळ पडतो, वाड्याच्या जागीं पांच मजली इमारत उठते, तरी पत्त्यांतला पिंपळ हलत नाहीं. सरकारी लेखीं त्याच जागेस नगरभूमापनाचा एक क्रमांक असतो, घरपट्टीच्या पुस्तकांत दुसरा, विजेच्या बिलावर तिसरा; आणि हे क्रमांक एकमेकांस ओळखत नाहींत. १९८२ सालीं नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि आसपासचीं खेडीं एकत्र करून महानगरपालिका झाली, तेव्हां निरनिराळ्या दप्तरांच्या वळणाचे पत्तेहि एका छपराखालीं आले. जेथें शेताचा गट होता तेथें वसाहत झाली. बांधणाऱ्यानें तिला एक नांव दिलें, रहिवाशांनीं दुसरेंच रूढ केलें. देशाचीं टपाल तिकिटें ज्या नाशिकरोडास छापलीं जातात त्या गांवच्या पत्त्यांची ही तऱ्हा, तर इतरांची काय सांगावी!

आमचे एक जुने विद्यार्थी हें जुळवाजुळवीचें काम करतात. त्यांनीं आम्हांस समजावून दिलेली रीत थोडक्यांत अशी आहे. प्रथम दोन्ही याद्या धुऊन घ्यावयाच्या. म्हणजे स्वल्पविराम, टिंबें, जादा मोकळ्या जागा काढून टाकावयाच्या, ‘रोड’ व ‘रस्ता’ यांस एक रूप द्यावयाचें. नंतर ढीग पाडावयाचे. कारण एका यादींतील दहा हजार नोंदी दुसरींतील दहा हजार नोंदींशीं एकेक करून ताडूं म्हटल्यास दहा कोटी तुलना कराव्या लागतात. येथें पिनकोड उपयोगीं पडतो. ही सहा आंकड्यांची योजना १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्याच्या कारभारांत मुरलेले अधिकारी असून संस्कृत कवि व नाटककारहि होते, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. परंतु पिनकोड घराचें नांव नव्हे, टपाल वांटणाऱ्या कचेरीचें नांव आहे. ४२२००१ म्हटल्यानें ढीग लहान होतो, घर सांपडत नाहीं. म्हणून शेवटीं अक्षरें मोजावीं लागतात. एका पत्त्याचा दुसरा पत्ता करण्यास किती अक्षरें घालावीं, गाळावीं वा बदलावीं लागतील तें मोजावयाचें. हें माप लेव्हेन्श्टाइन या रशियन गणितज्ञानें १९६५ सालीं मांडलें. जितका आंकडा लहान तितके पत्ते जवळचे.

रीत सुबक आहे, यांत शंका नाहीं. पण ती जवळीक मोजते ती अक्षरांची, वस्तूंची नव्हे. ‘घर नंबर १२३’ आणि ‘घर नंबर १३३’ यांत अवघ्या एका आंकड्याचें अंतर, पण घरें दोन, कुटुंबें दोन, कदाचित् एकमेकांचें तोंड न पाहणारीं. उलट ‘नाशिक’ आणि मोगलाईंतील ‘गुलशनाबाद’ यांत अक्षरांचा मेळ जवळजवळ नाहींच, तरी गोदावरीच्या कांठचें शहर एकच. आडनांवांचेंहि तेंच. शिंदे यांचें इंग्रजींत सिंदिया झालें, गायकवाडांचें गायकवार झालें. ज्यास इतिहास ठाऊक आहे त्यालाच तीं एक दिसतात.

आमच्या दर्शनकारांनीं या प्रश्नाचा फार पूर्वीं कीस काढला आहे. ‘तोच हा देवदत्त’ हें वेदान्ताच्या वर्गांत हटकून येणारें उदाहरण. पूर्वीं काशींत पाहिलेला देवदत्त आज येथें दिसतो. स्थळ निराळें, काळ निराळा, अंगावरचें वस्त्र निराळें. तरीहि आपण ‘तोच हा’ म्हणतों, तें विरोधी अंश टाकून व समान अंश राखून. यांतील मर्माची गोष्ट अशी कीं, कोणता अंश टाकावयाचा व कोणता राखावयाचा हें देवदत्ताच्या वर्णनांत लिहिलेलें नसतें. पाहणाराच तें ठरवितो. घरांच्या यादींत तर पेंच आणखी वाढतो, कारण देवदत्ताच्या बाबतींत जें स्थळ आपण खुशाल टाकून देतों तेंच येथें राखावयाचें असतें, आणि माणसें बदललीं तरी घर तेंच म्हणावयाचें असतें. एकच यादी कर वसूल करण्यासाठीं जुळविली तर घर मुख्य, धान्य देण्यासाठीं जुळविली तर माणूस मुख्य. म्हणजे हेतु कळल्यावांचून ‘तोच’ या शब्दास अर्थच येत नाहीं.

आतां नीतीच्या प्रश्नाकडे वळूं. आज्ञावली प्रत्येक जोडीस गुण देते. किती गुणांच्या वर ‘जुळलें’ म्हणावयाचें ती रेषा मात्र कोणी तरी माणूसच आंखतो. रेषा खालीं आणली तर दोन निराळीं घरें एक होतात, आणि एकाची थकबाकी दुसऱ्याच्या माथीं बसते. वर नेली तर एकाच घराच्या दोन नोंदी अनोळखी ठरतात, आणि हक्काच्या माणसाचें नांव गळतें. दोन्ही चुका एकाच वेळीं टाळतां येत नाहींत. एक कमी केली कीं दुसरी वाढते. तेव्हां रेषा कोठें आंखावी हा गणिताचा प्रश्न नसून चुकीचा भार कोणावर टाकावा हा न्यायाचा प्रश्न आहे. फेलेगी व संटर या दोघां संख्याशास्त्रज्ञांनीं १९६९ सालीं या विषयाची जी उपपत्ति बसविली तींतहि जुळलेल्या व न जुळलेल्या नोंदींच्या मधें एक तिसरी रास ठेविली होती, ती डोळ्यांखालून घालण्याच्या नोंदींची. शास्त्रानें हा नम्रपणा दाखविला. व्यवहारांत खर्चाच्या व घाईच्या नांवाखालीं नेमकी हीच मधली रास प्रथम नाहींशी होते.

याचें फळ महाराष्ट्रानें पाहिलें आहे. २०१७ च्या जूनमध्यें सुमारें ३४ हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली. अर्ज संगणकावर भरून घेतले. दिवाळीच्या तोंडावर कांहीं शेतकऱ्यांस समारंभानें प्रमाणपत्रेंहि दिलीं. त्यानंतर मात्र बँकांनीं पाठविलेली माहिती व शेतकऱ्यांनीं भरलेली माहिती यांचा मेळ बसेना, आणि खात्यांत रक्कम पडण्याचें काम रखडलें. ज्याचें कर्ज खरें, शेत खरें, सही खरी, तो केवळ दोन रकाने जुळले नाहींत म्हणून तिष्ठत राहिला. त्या तिष्ठण्याचें व्याज कोणत्या हिशेबांत धरावयाचें?

यावर उत्तर असें येईल कीं, यंत्र निदान पक्षपात करीत नाहीं. तें चहापाणी मागत नाहीं, जात पाहत नाहीं, ओळखीच्या माणसाची फाइल वर काढीत नाहीं. हा आक्षेप हलका नाहीं. ज्यानें मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत तो माणसाच्या विवेकाची फार भलावण करणार नाहीं, आणि आम्हीहि करीत नाहीं. परंतु सर्वांस एकच माप लावणें म्हणजे सर्वांस सारखा न्याय देणें नव्हे. ज्याचा पत्ता ‘फ्लॅट ४, अमुक अपार्टमेंट’ असा छापील साच्यांत बसतो तो पहिल्या फेरींतच जुळतो. जो वस्तीवर, मळ्यांत, नाल्याच्या कडेला राहतो, ज्याचा पत्ता ‘अमक्याच्या चाळीमागें’ एवढाच आहे, तोच दर खेपेस उरतो. लग्नानंतर नांव व घर दोन्ही बदललेल्या स्त्रिया उरतात. आज्ञावलीच्या मनांत पक्षपात नसेल. तिच्या चाळणीच्या भोंकांत तो आहे. अॅरिस्टॉटलनें नियमाच्या कठोरपणाविषयीं लिहितांना लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिला आहे. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणें वांकत असे. पट्टी वांकली म्हणून मोजमाप खोटें होत नव्हतें.

नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिलेल्या वाचकांस हें चटकन् पटेल. यजमान आला कीं उपाध्याय त्याचें मूळ गांव व आडनांव विचारतो, त्यावरून वही काढतो. म्हणजे ढीग पाडण्याची युक्ति त्यासहि ठाऊक आहे. मग आजा-पणज्यांचीं नांवें वाचून दाखवितो, आणि यजमानानें ‘होय, हेच आमचे’ म्हटल्यावर नवी नोंद करून खालीं त्याची सही घेतो. या वह्यांचें आम्हांस आंधळें कौतुक नाहीं. त्यांत पुरुषांची परंपरा मुख्य. ज्यांस तीर्थास येण्याची ऐपत वा मुभा नव्हती त्यांचा पत्ता नाहीं. परंतु ज्याच्याविषयीं ‘तोच हा’ म्हणावयाचें त्याला समोर बसवून विचारण्याची चाल त्यांत आहे, आणि शेवटचा शब्द त्याच्या हातचा आहे.

मग नोंदवहीच निर्दोष केली तर? हॉलंडांत हें जवळजवळ साधलें आहे. १ जुलै २००९ पासून तेथें घरें व इमारती यांच्या अधिकृत नोंदवहीचा कायदा लागू आहे. प्रत्येक राहत्या जागेस सोळा आंकड्यांची खूण, आणि पिनकोड व घरक्रमांक एवढ्यावर बहुधा नेमकें घर सांपडतें. हेवा वाटावा अशीच ही व्यवस्था. पण त्याच देशाच्या जुन्या, अत्यंत काटेकोर लोकनोंदणीनें जर्मन अंमलांत कोणत्या घरीं ज्यू राहतात हें बिनचूक सांगितलें. २७ मार्च १९४३ रोजीं अॅम्स्टरडॅमच्या नोंदणी कचेरीस प्रतिकारकांनीं आग लावली, ती वही चुकीची होती म्हणून नव्हे, बरोबर होती म्हणून. पत्रिकांचा थोडाच भाग जळाला; पुढें बारा जणांस गोळ्या घालण्यांत आल्या. त्या देशांतील सुमारें १ लाख ४० हजार ज्यूंपैकीं १ लाखाहून अधिक मारले गेले. यावरून नोंदी ठेवूंच नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. नोंदीवांचून शिधाहि मिळणार नाहीं. मात्र बिनचूकपणा हा स्वतःच सद्गुण आहे, असें मानून चालणाऱ्यांनीं ती आग विसरूं नये.

आमची मागणी साधी आहे. जी नोंद जुळत नाहीं ती रद्द नोंद नव्हे, न विचारलेला प्रश्न आहे. यास्तव नांव गाळण्यापूर्वीं त्या पत्त्यावर, त्याच्या भाषेंत, कारण लिहून पत्र जावें. उत्तर येईपर्यंत धान्य वा वेतन चालू राहावें. आणि नोंदी जुळत नाहींत हें सिद्ध करण्याचा भार वही ठेवणाऱ्यावर असावा, वहींतल्या माणसावर नसावा. रेषा कोठें आंखली आहे हेंहि जाहीर व्हावें. यास खर्च पडेल. तो टाळल्यानें नाहींसा होत नाहीं. तो फेऱ्या मारणाऱ्या म्हातारीच्या रिक्षाभाड्यांत जमा होतो.

२०२५ च्या मे महिन्यांत टपाल खात्यानें डिजिपिन नांवाची नवी योजना पुढें आणली आहे. साऱ्या देशाचे सुमारें चार मीटर लांब व तितक्याच रुंद असे चौकोन पाडून प्रत्येकास दहा चिन्हांची खूण दिली आहे. पिंपळ पडो वा वसाहतीचें नांव बदलो, खूण ढळत नाहीं. रुग्णवाहिकेस व मळ्यांतल्या घरास तिचा फार उपयोग होईल. मात्र ती जमिनीचा तुकडा सांगते, मजला सांगत नाहीं. जुन्या नाशकांतील एखाद्या वाड्यांत खालीं मालकाची विधवा, वर दोन भाडेकरी आणि माळ्यावर शिकावयास आलेला विद्यार्थी अशा चार चुली त्या एका चौकोनांत मावतात. त्या चौघांच्या दारावरची कडी वाजवून नांवें विचारण्याचें काम अद्याप कोणास तरी करावेंच लागणार आहे.