रिपोर्ट हाती आला, आता कोणाकडे जावे?

(जागतिक रुग्णदिनानिमित्त चिंतन)



११ फेब्रुवारी, लुर्द मातेचा सण, हा दिवस ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन म्हणून पाळते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हा दिवस ठरवला आणि १९९३ पासून तो जगभर पाळला जातो. या दिवशी आपण खाटेवर पडलेल्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, त्यांना घरी ख्रिस्तप्रसाद नेऊन देतो. ते योग्यच आहे. परंतु या रविवारी आपण आणखी काही आजाऱ्यांची आठवण करू या. ते खाटेवर पडलेले नाहीत. ते मिस्साला आले आहेत, आपल्या शेजारीच बसले आहेत. उद्या सकाळी ते शेतात जातील, भाकरी थापतील, दुकान उघडतील. फक्त त्यांच्या घरात कपड्यांच्या घडीखाली एक कागद ठेवलेला आहे. रक्ताचा रिपोर्ट.

त्या कागदावर एका आकड्यापुढे खूण आहे. सहा महिन्यांपूर्वीच्या कागदावरही तीच खूण होती, त्याआधीही होती. गोळ्या झाल्या, टॉनिक झाले, आकडा काही हलत नाही. घरात कोणाला सांगितलेले नाही. नवरा म्हणेल खर्च आला, सासू म्हणेल काम टाळते, शेजारीण म्हणेल काही मोठेच असणार. मग रात्री झोप येत नाही. अशा माणसाला आपला प्रभू काय सांगतो?

गर्दीत मागून आलेली स्त्री

संत मार्कच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात (ओवी २५ ते ३४) एक स्त्री आपल्याला भेटते. तिचे नाव दिलेले नाही. बारा वर्षे तिला रक्तस्राव होत होता. ती अनेक वैद्यांकडे गेली, जवळचे होते नव्हते ते सगळे खर्च केले, आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढतच गेले. बारा वर्षे रक्त जात राहिल्यावर अंगात काय उरते, हे आपल्या आयाबहिणींना पुस्तकातून शिकायला नको.

दुखण्यापेक्षा मोठे ओझे आणखी एक होते. लेवीयच्या ग्रंथातील नियमाप्रमाणे (अध्याय १५) अशी स्त्री अशुद्ध, तिने ज्याला हात लावला तोही अशुद्ध. विटाळ हा शब्द आपल्याला नवा नाही. म्हणूनच ती समोरून येत नाही. ती गर्दीत लपून, मागून येते आणि प्रभूच्या वस्त्राला हात लावते.

त्या वेळी प्रभू येशू फार निकडीच्या कामाला निघाला होता. याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकली होती. घाई होती. तरीही प्रभू थांबला. आपण हे नीट लक्षात घेऊ या. एकीकडे घटकाभरात जीव जाईल अशी मुलगी आणि दुसरीकडे बारा वर्षे रेंगाळलेले दुखणे. 'बारा वर्षे काढलीस, आणखी एक दिवस काढ' असे प्रभू म्हणाला नाही. रेंगाळणारे दुखणे त्याच्या लेखी लहान नव्हते.

आणि दुसरी गोष्ट. ती बरी तर झालीच होती. मग प्रभूने तिला सर्वांसमोर का बोलावले? तिला लाजवायला नव्हे. तिने लपून बरे व्हावे आणि लपूनच घरी जावे हे त्याला नको होते. ती थरथर कापत पुढे आली, त्याच्या पाया पडली आणि तिने सगळे खरे खरे सांगितले. तेव्हा प्रभूने तिला मुलगी म्हणून हाक मारली आणि शांतीने जा असे सांगितले. रक्त थांबले ते वस्त्राला हात लागताच. शांती मिळाली ती सगळे सांगून झाल्यावर.

आपल्या जिल्ह्याची जखम

हे शुभवर्तमान बीड जिल्ह्यात वाचताना आपल्याला फार लांब पाहावे लागत नाही. आज गावोगावी कितीतरी घरांना कुलूप आहे. माणसे उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर गेली आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाचा खाडा झाला तरी दंड. पाळी असो, ताप असो, पोटात दुखत असो, मोळी उचलावीच लागते. फडावर ना धड पाणी, ना संडास, ना आडोसा.

२०१९ साली या जिल्ह्याचे नाव एका दुःखद कारणाने देशभर गेले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची माहिती आली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यांत तिशी-पस्तिशीतल्याही होत्या. काही जणींना शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक असेल. पण अंगावरून पांढरे जाते, पाळीत रक्त जास्त जाते, कंबर दुखते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना कॅन्सरची भीती घातली गेली आणि पिशवी काढण्याचाच सल्ला मिळाला. यांतल्या पुष्कळ दुखण्यांवर औषधे असतात. पण औषधाला वेळ लागतो, पुन्हा पुन्हा तपासायला यावे लागते, आणि वेळच त्यांच्याकडे नव्हता.

बंधूंनो आणि भगिनींनो, ही गोष्ट आपण कोणावर दगड मारण्यासाठी सांगत नाही. यातून एक शिकायचे आहे. मनात भीती, जवळ कोणी नाही आणि परत कामावर जायची घाई, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की माणूस पहिला मिळेल तो सल्ला घेतो. 'हे का होते आहे?' हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

आकडा काय सांगतो?

रक्ताचा रिपोर्ट हा निकाल नाही, तो प्रश्न आहे. रिपोर्टवर आकड्याच्या बाजूला जी कमी-जास्त मर्यादा छापलेली असते ती साधारणपणे अशी ठरवतात की १०० निरोगी माणसांपैकी ९५ जणांचे आकडे तिच्या आत यावेत. म्हणजे धडधाकट माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाऊ शकतो. म्हणून एका खुणेने घाबरून जाऊ नये. पण तीच खूण पुन्हा पुन्हा येत असेल तर ती दुर्लक्षही करू नये. कारण शोधावे.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारी खूण हिमोग्लोबिनची. बाईचे १२ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असे समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५४ जणींचे रक्त कमी आढळले. निम्म्याहून अधिक! मग यात लाज कसली? ज्या बाईला वाटते की आपल्या एकटीचेच असे आहे, तिच्या डाव्या-उजव्या बाजूला बसलेल्या दोघींपैकी एकीचे तसेच असण्याचा संभव आहे.

लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या तर महिनाभरात हिमोग्लोबिन साधारण एकाने तरी वाढायला हवे. वाढले नाही तर आधी स्वतःला विचारावे, गोळ्या रोज घेतल्या का? चहाबरोबर तर घेतल्या नाहीत ना? चहामुळे लोह अंगी लागत नाही, लिंबू किंवा आवळ्याने लागते. शौचाला काळे झाले म्हणून गोळ्या सोडल्या का? या गोळ्यांनी तसे होतेच. बरे वाटू लागताच थांबवल्या का? आकडा ठीक झाल्यावरही साठा भरून निघण्यासाठी डॉक्टर सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात.

हे सगळे नीट केले आणि तरीही आकडा वर येत नसेल, तर नुसती बाटली बदलून उपयोग नाही. पाळीत रक्त फार जात असेल, पोटात जंत असतील, मूळव्याध किंवा पोटातला व्रण असेल, बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, किडनीचा विकार असेल, किंवा थॅलेसेमियासारखे आईबापांकडून आलेले काही असेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा. पाळी गेलेल्या बाईचे किंवा पुरुषाचे रक्त कमी होत असेल तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. बसल्याजागी दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा बाई गरोदर असेल, तर पुढच्या रविवारची वाट पाहू नये.

कोणाकडे जावे?

काही जण म्हणतात, विश्वास असला की डॉक्टर कशाला? त्यांनी सिराकच्या बोधग्रंथाचा ३८ वा अध्याय घरी वाचावा. तिथे वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले. औषधे जमिनीतून उगवतात तीही देवाचीच. आजारी माणसाने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याची जागा द्यावी, असा तो उपदेश आहे. एक सोडून दुसरे नव्हे. शुभवर्तमानकार लूक हा वैद्य होता, हे संत पौल कलस्सैकरांस पाठवलेल्या पत्रात सांगतो. आपल्या प्रार्थनासभेत कोणी आजाऱ्याला 'गोळ्या बंद कर, म्हणजे विश्वास दिसेल' असे सांगत असेल, तर ती ख्रिस्तसभेची शिकवण नाही.

दुसरीकडे, काही जण एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरतात, पण जुने कागद दाखवत नाहीत. प्रत्येक डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो. पैसा जातो आणि काळजी वाढते. त्यापेक्षा सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पिशवीत लावावेत आणि एकाच डॉक्टरांपुढे, त्या स्त्रीप्रमाणे, सगळे खरे सांगावे. पाळीचे सांगावे, मूळव्याधीचे सांगावे, दारूचे सांगावे, गावठी औषध घेतले असेल तर तेही सांगावे. मग न घाबरता विचारावे: माझ्या रक्तात नेमके काय कमी आहे? कशामुळे? औषध किती दिवस घ्यायचे? पुन्हा कधी तपासायचे? शस्त्रक्रिया सांगितली तर विचारावे: दुसरा उपाय आहे का? थांबलो तर काय होईल? आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

खर्चाची भीती असेल तर गावातील आशाताईंना विचारावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत करण्यात आले. मोठ्या तपासण्यांसाठी आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

आपण काय करायचे?

त्या स्त्रीच्या गोष्टीत मनाला एक गोष्ट टोचते. याईरच्या मुलीसाठी बाप धावत आला. या स्त्रीसाठी कोणीच आले नव्हते. बारा वर्षे एवढी गर्दी गावात होती, पण तिच्याबरोबर चालणारे कोणी नव्हते. आपले धर्मग्राम त्या गर्दीसारखे असू नये.

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. घरातील पुरुषांनी बायकोला, आईला, बहिणीला आपणहून विचारावे, 'तुझे रक्त शेवटचे कधी तपासले?' आणि घरात सर्वांनी एकदम जेवावे. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात भाजी आणि डाळ उरत नाही, तिथूनही हे दुखणे सुरू होते. दुसरे, ज्याला दवाखान्यात जायची भीती वाटते त्याच्याबरोबर कोणीतरी जावे. आत गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले दोघांनी ऐकले तर एकाला तरी लक्षात राहते. आणि तिसरे, पाडव्याच्या सुमारास फडावरची माणसे परत येतील. तेव्हा त्यांच्या स्वागताला फक्त उचलीचा हिशेब नको. आल्या आल्या त्यांची रक्त तपासणी होईल आणि तो कागद वाचून समजावणारे कोणीतरी शेजारी असेल, हे आपण पाहू या.

तपासणीअंती काही मोठे निघालेच, तर तेही एकट्याने सोसायचे नाही. रुग्णाभ्यंग संस्कार केवळ शेवटच्या घटकेसाठी नाही. गंभीर आजारात आणि मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही तो घेता येतो. फादरांना कळवावे, ते घरी येतील.

आता ज्यांच्या घरी तो कागद घडी घालून ठेवला आहे त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, गर्दीतही तुला एका थरथरत्या हाताचा स्पर्श कळला. आमच्यातील जे भीतीने गप्प आहेत त्यांना बोलण्याचे धैर्य दे. आमच्या डॉक्टरांना, सिस्टरांना आणि आशाताईंना ऐकून घेणारे कान दे. फडावर कष्टणाऱ्या आमच्या भावाबहिणींना सुखरूप घरी आण. आणि आम्हांला एकमेकांबरोबर दवाखान्याच्या दारापर्यंत चालत जाण्याची बुद्धी दे. लुर्दच्या माते, आम्हां आजाऱ्यांसाठी विनंती कर. आमेन.