रंगशुद्धी आणि सत्यनिष्ठा

माझ्या भाचीच्या विवाहाची बोलणी सुरू व्हावयाची होती. त्यासाठी तिचे छायाचित्र काढविले. ते हाती आले तेव्हा मुलीचा सावळा वर्ण नाहीसा होऊन तेथे गोरेपणा आला होता. ताईस ते चित्र पसंत पडले; परंतु भाची शांतपणे म्हणाली, “मामा, ही मी नव्हे.” मी छायाचित्रकाराकडे जाऊन विचारले असता तो हसून म्हणाला, “साहेब, रंग तर कॅमेराच बदलतो. त्यात मी थोडा बदलला, एवढेच!”

हे उत्तर प्रथमदर्शनी उद्धट वाटले, तरी ते पोकळ नाही. आजच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणाऱ्या पटलावर तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी बसविलेली असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या नावे 1976 साली तिचे पेटंट निघाले. तीत निम्म्या गाळण्या हिरव्या आणि पाव-पाव तांबड्या व निळ्या असतात. प्रत्येक बिंदू एकाच रंगाचे मोजमाप घेतो; उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने ठरविले जातात. म्हणजे चित्रातील रंगांचा दोनतृतीयांश भाग पाहिलेला नसून अनुमानिलेला असतो. जेथे मूळच अनुमानाचे, तेथे ‘हात न लावलेला रंग’ कोठून आणावयाचा?

बरे, आपले डोळे तरी निष्पक्ष आहेत काय? विजेच्या पिवळ्या दिव्याखाली पांढरे धोतर आपणांस पांढरेच दिसते. कारण दिव्याचा पिवळेपणा मन परस्पर वजा करून टाकते. 2015 साली एका पोशाखाच्या छायाचित्रावरून जगभर वाद माजला. कोणास तो निळा-काळा दिसे, कोणास पांढरा-सोनेरी. पोशाख वस्तुतः निळा-काळाच होता. परंतु त्यावर कोणता प्रकाश पडला आहे याविषयी प्रत्येकाच्या मनाने निराळा तर्क केला. तात्पर्य, रंगशुद्धी संगणकाने शोधून काढलेली नाही; ती आपण जन्मभर करीत आलो आहोत.

मीही ती करतो. स्वयंपाकघरातील दिव्याखाली काढलेल्या आईच्या एका छायाचित्रात तिचे पांढरे लुगडे हळदीत बुडविल्यासारखे आले होते. संगणकावर लुगड्याच्या एका शुभ्र ठिकाणी खूण केली; तेथे तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांचे आकडे समान व्हावेत अशा प्रमाणात सर्व चित्राचे रंग कमीअधिक झाले आणि लुगडे पांढरे झाले. यास छायाचित्रकार ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणतात. यात मी असत्य केले असे मला वाटत नाही. जे नेत्रांनी पाहिले होते, तेच परत आणले.

मग माझ्या कृतीत आणि त्या छायाचित्रकाराच्या कृतीत भेद कोणता? प्रत्येक भाषांतरकार शब्द निवडतो हे खरे. पण तेवढ्यावरून मूळ लेखकाच्या तोंडी वाटेल ते घालण्याचा अधिकार त्यास मिळत नाही. बदल अटळ असला म्हणजे सर्व बदल सारखे होत नाहीत. मी दिव्याचा रंग काढून टाकला. तो आईचा नव्हता. त्याने मुलीचाच रंग काढून टाकला. ते चित्र पुन्हा नीट पाहिले तेव्हा मुख गोरे आणि मांडीवरचे हात सावळेच राहिलेले आढळले. प्रकाश असा पंक्तिभेद करीत नाही. तो मनुष्यच करतो.

तथापि, केवळ मुखास हात लावणे निषिद्ध, असा सोपा नियमही चालणार नाही. विसाव्या शतकात अनेक वर्षे रंगीत फिल्मवरील चित्रांचे रंग गोऱ्या स्त्रीचे चित्र असलेल्या नमुनापत्रिकेवरून जुळवीत. सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्यांत हरपत. अशा चित्रातील मुख उजळणे हे न्यायाचेच ठरेल. उलट, जून 1994 मध्ये अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाने ओ. जे. सिम्प्सन या आरोपीचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र मुखपृष्ठावर अधिक काळवंडून छापले. तेच चित्र ‘न्यूजवीक’ने तसा बदल न करता छापल्यामुळे फरक सर्वांच्या डोळ्यांत भरला. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच शाईने निकाल दिला, अशी टीका झाली. उजळणे किंवा काळवंडणे यांत पाप नाही. त्या माणसाविषयी आपण काय बोलत आहो, यात ते आहे.

कोणी म्हणेल, मुलगी प्रत्यक्ष पाहिली जाणारच. मग या चित्राने फसले कोण? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तरच मला अधिक अस्वस्थ करते. वरपक्ष कदाचित एक दिवसही फसणार नाही. परंतु ज्या मुलीपुढे ते चित्र ठेवले, तिला सांगितले गेले की, तुझा वर्ण हा दिव्याच्या पिवळेपणासारखा एक दोष असून तो दुरुस्त करावयाचा आहे. कोणासही न फसविणारे असत्यसुद्धा असे एखाद्यास जखम करू शकते. म्हणून मला एक कसोटी सुचते: चित्रात केलेला बदल आणि त्याचे कारण, ज्याचे चित्र आहे त्याच्या समोर उभे राहून आपणांस सांगता येईल काय? आईस मी सांगू शकलो. त्या छायाचित्रकाराने भाचीस काय सांगितले असते?

पुढे सकाळी खिडकीपाशी बसवून मी तिचे दुसरे छायाचित्र काढले व भिंतीच्या पांढऱ्या चुन्यावरून रंग जुळविले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली. ताई बराच वेळ पाहत राहिली. मग दुसऱ्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, “ही थेट आपल्या आजीसारखी दिसते रे.” पहिल्या चित्रात आजी कोठेच नव्हती.