कर्णा आणि कमान

पितळेचा चकचकीत कर्णा, खाली कोरीव लाकडी पेटी, पेटीवर कुत्र्याचा बिल्ला. असा ग्रामोफोन प्री-वेडिंग शूटमध्ये किंवा एखाद्या कॅफेच्या कोपऱ्यात तुम्ही पाहिला असेल. त्यातले बरेचसे अलीकडेच बनवलेले असतात. मुंबईच्या चोर बाजारात ते मिळतात. परदेशी संग्राहकांनी त्यांना ‘क्रॅपोफोन’ असं कुत्सित नाव ठेवलंय. कर्णा नवा, पेटी नवी, बिल्लाही नवा. जुनी असते ती बहुधा एकच गोष्ट, आतली चावीवर चालणारी मोटर.

नकलेवर माझा राग नाही. शोभेची वस्तू शोभेची म्हणून विकली तर कुणाचं काही बिघडत नाही. ‘आजोबांच्या काळचा’ म्हणून विकली की ते खोटं, एवढं सरळ आहे. मला अडवतो तो मोटरचा प्रश्न. ती येते कुठून?

बऱ्याचदा ती काळ्या सूटकेसमधून येते. १९३१ साली एचएमव्ही १०२ आला, तसे पोर्टेबल ग्रामोफोन. त्यांचा कर्णा पेटीतच दडवलेला असतो. वीज लागत नाही, हातात धरून कुठेही नेता येतो. आज मात्र तो कुणाला ग्रामोफोन वाटतच नाही, कारण ग्रामोफोन म्हणजे कर्णा हे आपण ठरवून टाकलंय. म्हणून तो फोडला जातो. जुनं दिसणारं यंत्र खरोखर जुन्या यंत्राला खातं.

मलकापूरला आमच्या आत्याकडे अशीच एक सूटकेस आहे. चावी फिरवली की पकडच घेत नव्हती. एका दुरुस्तीवाल्याने सुचवलं, “मोटर काढून द्या. कमान बदलतो आणि कर्ण्याच्या पेटीत बसवून देतो. हॉलमध्ये शोभेल.” आत्याला ते पटलं होतं. “अरे, माळ्यावर पडून राहण्यापेक्षा कुठेतरी वाजलेलं काय वाईट?”

हा युक्तिवाद हलका नाही. यंत्राचं काम वाजणं. शिवाय त्या माणसाच्या हातात कसब आहे आणि त्यावर त्याचं घर चालतं. याला कुणी अवयवदानही म्हणेल. पण अवयव माणूस गेल्यावर काढतात, आणि ही पेटी नुसती आजारी होती.

कमान म्हणजे गोल डब्यात गुंडाळलेली कित्येक फूट लांब पोलादी पट्टी. चावी दिली की ती आवळते, आणि सुटता सुटता तबकडी फिरवते. वेग वाढला की गव्हर्नरची छोटी वजनं बाहेर फेकली जातात, एक चकती सरकून घासपट्टीला टेकते आणि वेग मिनिटाला ७८ फेऱ्यांवर राहतो. आतलं ग्रीस वाळून डांबरासारखं झालं की वेटोळी चिकटतात आणि झटक्यासरशी सुटतात, तेव्हा गाणं चालू असताना आतून धपकन आवाज येतो. आमच्याकडे ग्रीस तर वाळलं होतंच, शिवाय पट्टीच्या टोकाचं भोक फाटलं होतं. अशा वेळी ते टोक लाल होईपर्यंत तापवायचं, सावकाश थंड होऊ द्यायचं आणि मऊ झालं की नवं भोक पाडायचं. पट्टी डब्यातून काढताना मात्र जाड हातमोजे हवेत. सुटली तर तळहात चिरते. या सगळ्यात पट्टी दोन बोटं कमी झाली. नवा भाग एकही लागला नाही.

मोटर गेली असती तर? झाकणातली तबकड्या ठेवायची जागा, सुयांचा छोटा खण, सगळं भंगारात गेलं असतं. त्या खणात वापरलेल्या सुया अजून आहेत. तबकडीच्या दर बाजूला नवी सुई लावायची असा नियम होता. जुन्या सुया टाकवल्या नाहीत अशा घराची काटकसर त्या खणात आहे, आणि ती कुठल्याही कर्ण्याच्या पेटीत बसवता येत नाही. पुढे कुणी ही सूटकेस उघडेल, त्याला हे वाचता यायला हवं. तो कोण असेल हे मला माहीत नाही, तरी त्याचा या पेटीवर माझ्याइतकाच हक्क आहे असं मला वाटतं. आत्याला हे फारसं पटलेलं नाही. कर्णा शोभला असता, असं ती अजून म्हणते, आणि शोभला असता हे खरंच आहे.

सध्या एका चावीत एक बाजू नीट वाजते. दुसऱ्या बाजूच्या शेवटी बालगंधर्वांचा सूर खाली उतरू लागतो. मग आत्या बडबडत उठते आणि चावी देते.