सस्पेन्स खात्यातले चित्र

चित्रप्रदर्शनात एका चित्रापुढे नेमका किती वेळ उभे राहावे, याचा नियम कुठे लिहून ठेवलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. बारशाला गेल्यावर पाळण्यापाशी किती थांबावे, आजाऱ्याला भेटायला गेल्यावर कॉटशेजारी किती बसावे, हे घरातली वडीलधारी माणसे शिकवतात. चित्राच्या बाबतीत मात्र सगळा अंदाजपंचे कारभार. पाच सेकंदांत पुढे सरकावे तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या चित्रकाराचा चेहरा पडतो. दोन मिनिटे थांबावे तर तोच उठून जवळ येतो आणि "काही विचारायचंय का?" म्हणतो. विचारायचे एवढेच असते, की हे चित्र टांगलेय ते सुलटेच आहे ना? पण तेवढेच विचारायची सोय नसते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतल्या एलिमेंटरीच्या परीक्षेत आला आणि तिथेच परस्परसंमतीने संपला. पुढे बँकेत चिकटलो. तिथे चित्र म्हणजे नोटेवरचे गांधीजी. तेव्हा चित्रे लोकांना दाखवावीत की दाखवू नयेत, असल्या तात्त्विक भानगडीत पडण्याचे मला काहीच कारण नव्हते. पण आमच्या शाखेत निवृत्तीला चार वर्षे राहिलेले एक गृहस्थ आहेत. आठवडाभर ते लोकांची कर्जखाती बघतात आणि रविवारी चित्रे काढतात. तीस वर्षांची चित्रे डोंबिवलीच्या दोन खोल्यांत पलंगाखाली, माळ्यावर, कपाटामागे अशी दाटीवाटीने राहतात. म्हणजे मुंबईत माणसे राहतात तशीच.

या गृहस्थांना जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळाली. अर्ज करून काही वर्षे झाली होती. मधल्या काळात त्यांचा मुलगा अकरावीतून नोकरीत गेला, पण नंबर काही लागला नव्हता. तो लागल्याचे पत्र आले आणि घरात आनंदाऐवजी पेचच पडला. सात दिवसांचे भाडे, फ्रेमा, टेम्पो, आमंत्रणपत्रिका, सगळी बेरीज केल्यावर आकडा प्रॉव्हिडंट फंडापर्यंत पोहोचला. तेव्हा त्यांच्या सौभाग्यवतींनी अगदी शांतपणे एक प्रश्न विचारला, "अहो, नाही दाखवली तर काय बिघडेल?"

गृहस्थांना उत्तर सुचले नाही. म्हणून तो प्रश्न ते डब्याबरोबर शाखेत घेऊन आले. डब्यातली भाजी सगळ्यांनी वाटून खाल्ली आणि प्रश्नही.

हेडकॅशियरनी पहिल्या घासालाच निकाल दिला. "विकायची असतील तर प्रदर्शन करा. नसतील तर ती हौस झाली. हौसेला फंड मोडू नये."

ऐकायला हे चोख वाटते. पण चित्राची किंमत म्हणजे चित्राचे काम, असे धरले की हिशेब कसा घसरतो ते बघा. हुसेननी 1954 साली 'ग्रामयात्रा' नावाचे लांबरुंद चित्र काढले. दिल्लीत कामाला आलेल्या एका डॉक्टरांनी ते घेतले, नॉर्वेला नेले, आणि 1964 साली ते ऑस्लोच्या इस्पितळाकडे गेले. तिथे ते कित्येक दशके एका कॉरिडॉरमध्ये टांगलेले होते. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला 118 कोटी रुपयांच्या वर किंमत आली. तोपर्यंत इतकी रक्कम आधुनिक भारतीय चित्राला मिळाली नव्हती. आता मला सांगा, त्या कॉरिडॉरमधून इतकी वर्षे जे लोक गेले, त्यांनी काय स्वस्तातले चित्र पाहिले? रेषा त्याच, रंग तेच, बैलगाडी तीच. हातोडा पडण्याच्या आदल्या दिवशी ते चित्र जेवढे खरे होते, तेवढेच दुसऱ्या दिवशी. पैसे मिळाले तर कुणाला नको आहेत? मी बँकेत असून नको म्हणणार नाही. पण पैसे हे चित्राचे व्याज झाले, मुद्दल नव्हे.

"म्हणूनच मी म्हणते," लोन विभागातल्या मॅडम म्हणाल्या, "खरा कलावंत स्वतःसाठी काढतो. त्याला कुणी बघायची गरजच नसते."

मॅडमनी दाखला दिला तोही भारी होता. हिल्मा अफ क्लिंट नावाची एक स्वीडिश बाई होती. बाराशेहून अधिक चित्रे काढली तिने. अमूर्त चित्रकलेचे श्रेय ज्या पुरुषांना मिळाले, त्यांच्या आधीपासून ती तशी चित्रे काढत होती. 1944 साली गेली, आणि जाताना सांगून गेली की माझी ही चित्रे माझ्या मृत्यूनंतर वीस वर्षे कुणाला दाखवू नका. मॅडमच्या मते, याला म्हणतात निःस्वार्थ कला.

इथे मात्र माझ्यातला कारकून जागा झाला. मी म्हटले, "मॅडम, वीस वर्षे दाखवू नका म्हणाली ना? कधीच दाखवू नका असं नाही म्हणाली. ही निःस्वार्थ कला नव्हे, ही मुदतठेव आहे." आपल्या काळाच्या लोकांना हे कळणार नाही, पुढच्यांना कळेल, असा त्या बाईचा हिशेब होता. ठेव मुदतीत मोडायची नाही, एवढीच तिची अट. पुढे ठेव पिकूनही वीसेक वर्षे कुणी काउंटरवर आले नाही, हा भाग वेगळा. 1986 साली लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात तिची चित्रे पहिल्यांदा जगापुढे आली, आणि 2018-19 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ती बघायला सहा लाखांहून अधिक माणसे गेली. ठेव पिकायची होती तीच मुळी बघणाऱ्यांच्या हातात.

तेवढ्यात एका तरुण सहकाऱ्याने मोबाईल वर केला. "फोटो काढा आणि पाठवून द्या सगळ्यांना. भाडं नाही, टेम्पो नाही." सूचना बिनखर्चाची असल्यामुळे सगळ्यांना आवडली. पण मोबाईलवर चार फुटी चित्र आणि सुप्रभातचा गुलाब एकाच मापाचे होतात. शिवाय दोन्ही एकाच अंगठ्याने, एकाच वेगाने वर जातात. भिंतीवरच्या चित्राला अंगठ्याने सरकवता येत नाही, स्वतः सरकावे लागते. फरक म्हणाल तर तेवढाच. पण नात्यागोत्यात सुद्धा फोन करणे आणि घरी जाणे यात फरक असतोच की.

या सगळ्या चर्चेत आमचे शिपाईमामा गप्प होते. मामा डहाणूकडचे, वारली. त्यांना विचारले तेव्हा म्हणाले, "आमच्यात चौक लिहितात लग्नाला. चौक लिहिल्याबिगर लगीन लागत नाही." आणि कप उचलून निघून गेले.

मी नंतर त्यांना गाठून नीट विचारले. लग्नघराच्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघट देवी असते. खाली सही नाही, किंमत नाही. चित्र दाखवायचे की नाही, हा प्रश्नच तिथे कुणाच्या मनात येत नाही, कारण चित्र निघते तेच मुळी माणसे जमणार असतात म्हणून. पुढे 1970 नंतरच्या वर्षांत जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्यांच्या हातून ही चित्रे कागदावर आणि कापडावर उतरली, गॅलऱ्यांत गेली, परदेशी गेली. म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. आपण म्हणतो, भिंतीवरची कला गॅलरीत आली. मामांच्या बाजूने पाहिले तर उलट दिसते. गॅलरी म्हणजे काय? ज्याच्या घरी लग्न नाही त्याने भाड्याने घेतलेली लग्नाची भिंत!

हे ऐकून आमचे चित्रकार जरा सावरले. पण मग त्यांनी खरी भीती बोलून दाखवली. "आणि लोक हसले तर?"

हसतील की! 1863 साली पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनातून हजारो चित्रे नाकारली गेली. चित्रकारांनी एवढा कल्लोळ केला, की तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचे वेगळे प्रदर्शनच भरवले. ज्यांना नको असेल त्यांनी चित्रे परत न्यावीत, अशी मुभा होती, आणि अब्रू जपून काहींनी ती नेलीही. जे राहिले त्यांना लोक खरोखरच हसले. माने नावाच्या चित्रकाराच्या गवतावरच्या वनभोजनाला तर पोट धरून हसले. ते चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात मानाने बसले आहे. हसणारा माणूस निदान बघतो तरी. टाळूनच गेलेल्याचे काय करणार?

आता मला जे म्हणायचे आहे ते मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो, कारण दुसरी भाषा मला येत नाही. आमच्याकडे प्रत्येक नावेला एक जमा लागते. कधी कधी एक बाजू सापडते, दुसरी सापडत नाही. पैसे आलेत, पण कुणाचे ते कळत नाही. अशी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात ठेवतो. ती खोटी नसते, बुडालेली नसते, पैसा न् पैसा शाबूत असतो. पण ती कुणाचीच नसते. पलंगाखालचे चित्र हे असे सस्पेन्स खात्यात पडलेले असते. काढणाऱ्याने आपली बाजू लिहिलेली आहे. दुसरी बाजू लिहिणारा अजून यायचा आहे. तो उद्या येईल, वीस वर्षांनी येईल, किंवा हसत येईल. पण तो आल्याशिवाय ते पान जुळायचे नाही. आणि एकदा कुणी मनापासून पाहिले, की ती नोंद खोडताही येत नाही. जहांगीरच्या त्या परिसराचे नाव बघा. काळ्या घोड्यावरच्या सातव्या एडवर्डचा पुतळा 1965 साली तिथून उचलून राणीच्या बागेत नेला. 2017 साली स्वाराविना नवा घोडा आला, तोवरची पन्नास वर्षे लोक नसलेल्या घोड्यापाशीच एकमेकांना भेटत होते. पाहिलेली गोष्ट क्रेनने उचलता येत नाही.

शेवटी फंडातून पैसे निघाले. आमच्या ब्रँचने दुसऱ्या शनिवारी सामुदायिक हजेरी लावली. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून 1952 साली ही गॅलरी उभी राहिली. आत जायला पैसे पडत नाहीत. बाहेर फुटपाथवर चित्रकार आपापली चित्रे मांडून बसतात. त्यांना भिंतसुद्धा नसते, उन्हाची तिरीप तेवढी असते. आतल्या गर्दीत निम्मे लोक चित्रांसाठी आलेले, निम्मे गारव्यासाठी. एका गृहस्थाने आमच्या चित्रकारांना म्युझियमचा रस्ता विचारला. त्यांनी तो इतक्या प्रेमाने सांगितला, की बिचारा लाजेने चार चित्रे बघून गेला.

दाराशी अभिप्रायवही होती. मी ती चाळली. "छान." "अप्रतिम." "पुढील वाटचालीस शुभेच्छा." निवृत्तीला चार वर्षे राहिलेल्या माणसाला पुढील वाटचाल! आमच्या साहेबांनी तर आतली चित्रे बघण्याआधीच "उत्तम" लिहून खाली सही ठोकली होती. सवय, दुसरे काय. व्हाउचर न वाचता पास करणे याला आमच्याकडे मेमो मिळतो. वहीत मिळत नाही.

मी आत गेलो. बरीचशी चित्रे मला कळली नाहीत, ती बहुधा सुलटी असावीत. मग एका भिंतीवर काउंटरची काच दिसली. आमचीच काच. चेहरे कुणाचेच नाहीत, फक्त काचेखालच्या फटीतून आत आलेले हात. मेंदीचा हात, सिमेंटने चिरलेला हात, आणि एका म्हातारीचा, चारदा घडी घातलेली नोट घट्ट धरून ठेवलेला. ती नोट सोडवून घ्यावी लागते. मला माहीत आहे, कारण ती मी घेतो. पेन्शनच्या तारखेनंतर दर महिन्याला. त्या चित्रापुढे किती वेळ उभे राहावे हा प्रश्न मला पडला नाही. सौभाग्यवतींनी कोपर मारले तेव्हा वेळ झाल्याचे कळले.

वहीत मी लिहिले, "त्या नोटेच्या घड्या चारच आहेत. मी मोजल्या आहेत."

सात दिवसांत दोन छोटी चित्रे गेली, त्यातले एक मेव्हण्यांकडे. फंडातली रक्कम काही भरून आली नाही. पण माझी ती ओळ आमच्या चित्रकारांनी चारचौघांत वाचून दाखवली आणि म्हणाले, "हे विकलं नसतं तरी चाललं असतं हो. हे पोचलं." त्यांच्या सौभाग्यवती शेजारीच होत्या. काय बिघडेल, हे त्यांनी पुन्हा विचारले नाही.

चित्र दाखवावे की नाही, हा प्रश्न आपण नेहमी चित्रकारालाच विचारतो, जणू सगळी जबाबदारी त्याची. त्याने आपली बाजू तीस वर्षे लिहिली, पदरचे पैसे घालून भिंतीवर लावली. पुढची नोंद आपल्याकडे असते. तिला जाणकारी लागत नाही, स्तुती तर मुळीच लागत नाही. जे दिसले तेवढे खरे लिहायचे, आणि नाही दिसले तर पुढे सरकायचे. गॅलरीत प्रवेश विनामूल्य असतो हे खरे, पण म्हणून तिथले आपण काहीच देणे लागत नाही, असे समजण्याचे कारण नाही.