आपण किती उपसले?



मे महिन्यात आपल्या धर्मग्रामातली कितीतरी घरे गावाला जातात. कोणी राहुरीकडे, कोणी संगमनेरकडे, कोणी श्रीरामपूरकडे. परत आल्यावर रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या अंगणात गप्पा होतात, त्यात लग्नकार्यांच्या खालोखाल विषय असतो तो पाण्याचा. "तुमच्याकडे कितीवर लागलं?" असे एकजण विचारतो. "चारशे फूट गेलो, नुसता फुफाटा," असे दुसरा सांगतो. ऐकणारे हळहळतात. पण जिथे पाणी लागले तिथून आपण किती काढतो, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. ते मोजणे हे आपले कर्तव्य आहे का, असा प्रश्न आज आपल्यासमोर ठेवावासा वाटतो.

हा प्रश्न सरकारचा किंवा इंजिनिअर लोकांचा आहे, असे आम्हालाही वाटत होते. घरात घडलेल्या एका गोष्टीने तो आमचा झाला.

काही वर्षांपूर्वी आम्ही भावंडांनी दापोडीतल्या पगारातून पैसे साठवून गावच्या शेतात बोअर घेतला. पाणी लागले. गावच्या फादरांनी येऊन आशीर्वाद दिला, पेढे वाटले. कांदा आणि गहू चांगला आला. पुढच्या फेब्रुवारीत बांधापलीकडच्या चुलत्यांची विहीर तळाला गेली. एरवी ती एप्रिलपर्यंत पुरायची. चुलते एका शब्दाने बोलले नाहीत. पण त्यांच्या घरचे आमच्याकडे येणे कमी झाले, ते झालेच.

आमच्या बोअरमुळे ती विहीर आटली का? त्या वर्षी पाऊस कमी होता. चुलत्यांनीही कांद्याचे क्षेत्र वाढवले होते. तेव्हा "यात आमचा काय दोष?" असे आम्ही म्हणू शकत होतो, आणि म्हणालोही. पण खरे उत्तर आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते आणि आजही नाही. मोटार किती तास चालली, किती पाणी निघाले, विहिरीची पातळी कधी किती होती, यातले काहीच कोणी लिहून ठेवले नव्हते. दोषी असतो तर क्षमा मागता आली असती. निर्दोष असतो तर चुलत्यांसमोर मोकळ्या मनाने बसता आले असते. न मोजल्यामुळे दोन्ही वाटा बंद झाल्या.

"आपल्या रानातले पाणी आपले, ते मोजायचे कशाला?" असे पुष्कळांना वाटते. या समजुतीला जुन्या कायद्याचाही आधार आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या हद्दीत जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क मानला. पण पाणी सातबारा पाहून थांबत नाही. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. या खडकात वाळूसारखे पाणी साठत नाही. वरच्या मुरमाड थरात आणि खालच्या भेगांत मावेल तेवढेच राहते. भेग एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. मग दोन शेजारी एकाच माठातून पितात, आणि ज्याची नळी खोल त्याला जास्त मिळते. हे ओळखूनच महाराष्ट्राने २००९ चा भूजल कायदा केला. तो २०१४ पासून लागू झाला आणि शेती व उद्योगासाठी साठ मीटरच्या, म्हणजे सुमारे दोनशे फुटांच्या, खाली जाण्यावर त्याने बंधने घातली. आपण मात्र देवळाच्या अंगणात चारशे-पाचशे फुटांच्या गोष्टी अगदी सहज करतो.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे आपल्या देशात वर्षाला सुमारे २४५ अब्ज घनमीटर भूजल उपसले जाते. त्यातले सुमारे ८७ टक्के शेतीला जाते. जगात दुसरा कोणताही देश इतके भूजल उपसत नाही. तरी हा आकडा अंदाजाचाच. विहिरी किती, त्यांवर पंप किती, एकेक विहीर साधारण किती पाणी देते, अशा हिशेबातून तो काढावा लागतो, कारण पंपापाशी प्रत्यक्ष मोजणारे फार थोडे आहेत.

मोजणे तसे अवघड नाही. मीटर बसवता आला तर उत्तमच. नाही तर दोनशे लिटरचा ड्रम आणि घड्याळ पुरते. ड्रम शंभर सेकंदांत भरला तर सेकंदाला दोन लिटर, तासाला ७,२०० लिटर. मोटार सहा तास चालली तर ४३,२०० लिटर. आपल्याकडे येतात तसे दहा हजार लिटरचे चार टँकर भरून वर थोडे उरेल. पातळी खाली गेली की धार बारीक होते, म्हणून दर महिन्याला ड्रम पुन्हा लावायचा. दोरीला वजन बांधून विहिरीची पातळी पाहायची. मोटारीचे तास वहीत लिहायचे. एवढेच काम आहे.

विजेचे बिल हा हिशेब ठेवील असेही आता म्हणता येत नाही. कित्येकांचे बिल पूर्वीही पंपाच्या अश्वशक्तीवर ठरायचे, उपशावर नाही. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली. सौरपंपही वाढले. शेतकऱ्याला दिलासा मिळाला याचा आनंदच आहे. पण बटण दाबताना हात थांबवणारे आता काही राहिले नाही. राहिला तो आपला विवेक.

यावर गावाकडचा माणूस विचारतो, "आज मीटर, उद्या पट्टी. आमचे मोजून नेणार कोण? शहरच ना?" ही भीती पोकळ नाही. दापोडीतल्या आपल्या नळाला पवनेचे पाणी येते. त्याच पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. शेतकऱ्याला पाणी मोजायला सांगताना हे आपण विसरू नये. मोजण्याची वही कोणाच्या हातात आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते.

ती वही गावाच्याच हातात असली तर काय होते, हे आपल्या जवळच पाहायला मिळते. पुण्याचे विलासराव साळुंखे हे कारखानदार. अचूक मोजमापाची उपकरणे बनवणे हा त्यांचा धंदा. आपल्यातले अनेकजण रोज हातात व्हर्नियर आणि गेज धरतात, त्यांना हे काम चांगले ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर ते पुरंदरच्या नायगावला गेले आणि तिथे पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर वाटायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. मोजल्याशिवाय असा वाटा देताच आला नसता. नगरजवळच्या हिवरे बाजारात पावसाळा संपला की पाऊस आणि विहिरींच्या पातळ्या पाहून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाणी कमी असेल तर पिकांचे क्षेत्र कमी. शेतीसाठी बोअर नाहीत.

आपल्या नगर भागात येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाचे मोठे काम उभे केले. १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट स्थापन करणाऱ्यांत ते होते. डोंगरावर चर खणले, झाडे लावली, पाणी जिरवले, विहिरी भरल्या. पण अशा कामानंतर पाणी वाढले की पंपही वाढतात. म्हणून पाणी अडवण्याच्या पाठोपाठ पाण्याचा हिशेब शिकवणेही या संस्थेला हाती घ्यावे लागले. सगळ्यांनी श्रमदानाने जिरवलेले पाणी एकाने उपसून नेले, तर ते श्रमदान कोणासाठी झाले?

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाच्या विहिरींची गोष्ट आहे. त्याच्या माणसांनी विहीर खणली की गरारचे गुराखी पाण्यावर हक्क सांगायचे. दोन विहिरींवर भांडणे झाली. इसहाक पुढे सरकला. तिसरीवर कोणी भांडले नाही, म्हणून त्याने तिचे नाव रहोबोथ ठेवले. म्हणजे ऐसपैस जागा. इसहाकाला पुढे सरकायला जागा होती. आपल्या बांधापलीकडे मात्र चुलतभाऊ आहे आणि त्याच्यापलीकडे आणखी कोणी. आपल्याला रहोबोथ हवे असेल तर आहे त्याच जागी राहून, आपला उपसा मोजून, दुसऱ्यासाठी जागा करावी लागेल.

नुसते मोजल्याने न्याय होत नाही, हेही खरे. मोजूनसुद्धा माणूस हावरटपणा करू शकतो. पण न मोजता "मी कोणाचे घेतले नाही" असे म्हणणाऱ्याला ते मनापासून म्हणता येत नाही. हे शेतकऱ्याला लागू आहे तसेच दापोडीत बोअरवर टाकी भरणाऱ्या आपल्या सोसायट्यांनाही लागू आहे. गावाला सांगण्याआधी आपल्या बोअरची मोटार दिवसाला किती तास चालते, हे आपण जिन्याखालच्या फळ्यावर लिहू या.

यंदा गावी गेलो तेव्हा आम्ही ड्रम लावला. आकडा वहीत लिहिला आणि ती वही घेऊन चुलत्यांकडे गेलो. त्यांनी वही चाळली, काही बोलले नाहीत. निघताना म्हणाले, "उद्या आमच्या विहिरीवर ये. दोरी घेऊन ये."