सांगून झालं, आता तू ठरव



आजचं चिंतन गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या ६३ व्या श्लोकावर. गुह्याहूनही गुह्य असं ज्ञान सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, याचा नीट विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसं कर.

हा श्लोक आई-बाबांनी वाचावा असं मला फार वाटतं. विशेषतः घरात वयात येणारी मुलं असतील तर. कारण शरीर, आकर्षण, संबंध हा विषय आपल्याकडे अजूनही ‘गुह्य’च आहे. टीव्हीवर पॅडची जाहिरात लागली की बाबा चॅनल बदलतात. मुलगा त्यातून एकच गोष्ट शिकतो: हे इथे विचारायचं नाही. मग तो मोबाइलला विचारतो. तिथे उत्तर मिळतं, पण माया नसते आणि मर्यादाही नसते.

भीती अशी की सांगितलं म्हणजे परवानगी दिली. पण युनेस्कोने देशोदेशींच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा नीट लैंगिक शिक्षण दिल्याने मुलं लवकर संबंध ठेवू लागतात असं दिसलं नाही. आपलं मौन मात्र महागात पडू शकतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस संबंध सुरू होण्याआधी, साधारण ९ ते १४ वर्षांत घेतली तर सर्वांत उपयोगी पडते. ‘आत्तापासून कशाला हा विषय?’ म्हणत आपण नेमकी तीच वर्षं घालवतो. १८ वर्षांखालच्या मुलीची संमती २०१२ च्या पॉक्सो कायद्यात धरलीच जात नाही, हेही किती मुलांना घरून कळतं?

म्हणजे नुसती माहिती द्यायची आणि मोकळं व्हायचं का? तसंही नाही. भगवंतांनी आपलं मत लपवलं नाही. सातव्या अध्यायात धर्माला विरोध न करणारा काम म्हणजे मीच, असंही ते सांगतात. इच्छा पाप नाही. पण तिला धर्म हवा. समोरच्याचा नकार मानणं, फसवणूक न करणं, परिणामांची जबाबदारी घेणं आणि त्यासाठी थांबता येणं, हा त्यातला धर्म. तो घरातच सांगावा लागतो. कारण निर्णयाच्या क्षणी आपण तिथे नसतो. तिथे फक्त आपण सांगितलेलं असतं, किंवा न सांगितलेलं.

आणि चुकलंच तर? पाळी चुकलेली सोळा वर्षांची मुलगी आधी कुणाला सांगेल: आईला, की घाबरून कुणालाच नाही? याचं उत्तर त्या दिवशी ठरत नाही. आधीच्या दहा वर्षांत तिच्या छोट्या छोट्या प्रश्नांना काय मिळालं, त्यावर ते ठरतं.

म्हणून ६३ वर थांबू नका. लगेच पुढच्या श्लोकात भगवंत म्हणतात, पुन्हा ऐक, तू मला अत्यंत प्रिय आहेस. ‘तू ठरव’ म्हटल्यावरही त्यांनी बोलणं बंद केलं नाही, आणि रथही सोडला नाही.

जय हरी.