खलपुरुषाची चाल

मुलांच्या ॲनिमेशनपटांचा नीतीच्या दृष्टीनें विचार करावा, असें म्हटलें कीं पुष्कळांस हंसूं येतें. बोलके प्राणी, एखादी राजकन्या आणि शेवटीं सत्याचा जय, यांत विचार करण्याजोगें काय आहे, असें ते विचारतात. आमचें मत निराळें आहे. प्रौढ मनुष्य पडद्यावरील गोष्टीस गोष्ट समजतो. पांच वर्षांच्या मुलास ती जगाची रीत वाटते, आणि तीच गोष्ट तें वीस वेळां पाहतें.

अशा चित्रपटांचा बोध दोन प्रकारचा असतो: एक उघड सांगितलेला, दुसरा न बोलतां गृहीत धरलेला. खोटें बोलूं नये, धीर सोडूं नये, हा पहिला. त्याविषयीं कोणाची तक्रार नाहीं. प्रश्न दुसऱ्याचा आहे. १९३७ सालच्या ‘स्नो व्हाइट’मधील राजकन्येस सात बुटक्यांच्या घरीं आसरा मिळतो तो स्वयंपाक व झाडलोट करण्याच्या बोलीवर. १९८९ सालच्या ‘द लिटल मर्मेड’मधील मत्स्यकन्या राजपुत्रासाठीं आपला आवाजच देऊन टाकते. अँडरसनच्या १८३७ सालच्या मूळ कथेंत राजपुत्र दुसरीशींच लग्न करितो. चित्रपटांत मात्र तिला आवाजही परत मिळतो आणि वरही. म्हणजे सौदा फायद्याचा ठरतो!

याहून सूक्ष्म गोष्ट खलपुरुषाची. १९९४ सालच्या ‘द लायन किंग’मधील राजा मुफासा भरदार छातीचा व घनगंभीर आवाजाचा, त्याचा कपटी भाऊ स्कार कृश, लचकत चालणारा, शब्द घोळवीत बोलणारा. ‘द लिटल मर्मेड’मधील चेटकिणीचें रूप तर डिव्हाइन या स्त्रीवेषांत काम करणाऱ्या अमेरिकन नटावरून घेतलेलें आहे. या संवयीस इतिहास आहे. अमेरिकन बोलपटांवर १९३४ पासून ज्या नियमावलीचा कडक अंमल होता, तींत समलिंगी प्रेमाचें चित्रण वर्ज्य मानलें जाई. जें उघड दाखवितां येईना तें हावभावांतून सुचविलें जाऊं लागलें, आणि ते हावभाव बहुधा हास्यास्पद किंवा दुष्ट पात्रांच्या वांट्यास आले. ती नियमावली १९६८ सालीं गेली. संवय मात्र चित्रकारांच्या हातांत राहिली.

यावर कोणी म्हणेल, खलास कांहीं तरी रूप द्यावेंच लागणार. खरें आहे. परंतु स्कार आपल्या सख्ख्या भावाचा घात करितो, एवढें त्याचा तिरस्कार यावयास पुरेसें नाहीं काय? त्यास ती चाल कशासाठीं? ती यासाठीं, कीं त्यानें कांहीं करण्यापूर्वींच तो आम्हांस नावडावा. कृत्यापूर्वीं तिरस्कार, यासच आम्ही पूर्वग्रह म्हणतों.

हें आम्ही न्यायासनावर बसून बोलत नाहीं. आमच्या शाळेच्या वर्गांत एक मुलगा होता. आवाज मृदु, हातवारे नाजूक. ‘बायल्या’ हें त्याचें नांवच पडलें होतें, आणि त्या हंसण्यांत आमचाही वांटा होता. तो प्रथम शेवटच्या बांकावर गेला, पुढें येईनासा झाला. त्यानें कोणाचें कांहीं बिघडविलें नव्हतें. हें शिकण्यास आम्हांस अमेरिकेच्या चित्रपटाची गरज पडली नाहीं. गंमत अशी, कीं आमच्याच घरांतील वडील माणसें बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांचें कौतुक सांगतांना थकत नसत. त्यांचें लुगडें, त्यांची केशरचना यांचें अनुकरण थोरामोठ्यांच्या बायका करीत. जो नाजूकपणा रंगभूमीवर पूज्य, तोच वर्गांत थट्टेचा विषय कसा, हा प्रश्न त्या वेळीं आमच्या मनास शिवला नाहीं.

चित्रपटांवर बंदी घालावी, असें आमचें म्हणणें नाहीं. ते बदलतही आहेत. २०१३ सालच्या ‘फ्रोझन’मध्यें संकटांतून सुटका होते ती राजपुत्राच्या चुंबनानें नव्हे, तर बहिणीच्या प्रेमानें. पण शाळेचें काम चित्रकारावर सोंपवून वडीलधाऱ्यांस मोकळें होतां येणार नाहीं. मुलाशेजारीं बसून एवढेंच विचारावें: ‘हा वाईट कां?’ त्यानें ‘भावाला मारलें म्हणून’ असें उत्तर दिलें, तर चिंता नाहीं. ‘असा चालतो म्हणून’ असें म्हटलें, तर तेथेंच थांबून बोललें पाहिजे. आमच्या वर्गांतील त्या मुलाविषयीं हा प्रश्न आम्हांस कोणीं विचारला नाहीं. विचारला असता, तर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.